जहाजावर पहारेकरी नको, गावात बाटली नको: अलास्काच्या आमदारांचं नक्की धोरण काय?

सिअ‍ॅटलकर

सिअ‍ॅटलमधल्या मराठी माणसाकडे देशातून पाहुणे आले की दोन प्रश्न ठरलेले असतात: माउंट रेनियर कधी, आणि अलास्का क्रूझ कधी. दुसऱ्या प्रश्नासाठी माहिती काढायला बसलो, आणि तिकिटांचं राहिलं बाजूला, अलास्काच्या विधिमंडळाच्या भांडणांतच गुंतलो. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. अलास्काची राजधानी जुनो. बाहेरून तिथे रस्ता जात नाही, विमान नाहीतर बोट. वस्ती ३२ हजारांच्या आसपास, आणि २०२३ च्या एका हंगामात तिथे आलेले क्रूझ प्रवासी साडेसोळा लाखांच्या घरात. विधानभवन धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. अधिवेशन मात्र जानेवारीत सुरू होतं आणि जहाजं एप्रिलमध्ये यायला लागतात, त्यामुळे आमदार आणि जहाजं यांची फारशी गाठ पडत नाही!

२००६ मध्ये तिथल्या मतदारांनी थेट मतदानानं एक कायदा केला. मोठ्या प्रवासी जहाजावर राज्याचा एक माणूस असेल, त्याला नाव 'ओशन रेंजर'. पात्रता म्हणजे परवानाधारक मरीन इंजिनिअर किंवा तशाच तोडीचं शिक्षण. तो जहाजाबरोबर फिरणार, सांडपाण्याच्या नोंदी बघणार, समुद्रात काय सोडलं जातंय त्यावर नजर ठेवणार. खर्च दर बर्थमागे ४ डॉलर, म्हणजे भार प्रवाशांवर, अलास्काच्या तिजोरीवर नाही. दहाएक हंगाम हे चाललं. २०१९ मध्ये गव्हर्नर माइक डनलेव्हींनी अंदाजपत्रकातली या कामाची ३४ लाख डॉलरची ओळ खोडून टाकली. कायदा पुस्तकात राहिला, रेंजर मात्र घरी गेले.

हेच विधिमंडळ दारूच्या कायद्यावर वर्षानुवर्षं चर्चा करत होतं. शेवटी २०२२ मध्ये सगळा मद्यकायदा नव्यानं लिहिला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आणि तिथे खेड्यापाड्यांना मतदानानं दारू पूर्ण बंद करायचा अधिकार १९८१ पासून आहे.

माझं मत असं: दोनशे वस्तीच्या गावाला 'आमच्याकडे बाटली उतरवायची नाही' असं ठरवता येतं, तर चार हजार माणसं घेऊन जाणाऱ्या जहाजावर एक पहारेकरी ठेवायला काय हरकत आहे? इथे बोटीवर काम केलेले, दारूबंदीच्या जिल्ह्यांतले, कायद्यातले असे सगळे आयडी आहेत. सांगा.

गटारीभक्त

पहिला मी! श्रावण लागायच्या आधी हा धागा आला हे बरं झालं. बाकी वाचून सविस्तर प्रतिसाद देतो (देणार नाही).

आकडेमोड

विषय चांगला, पण मांडणी एकतर्फी आहे. गव्हर्नरांचा मुद्दा साधा होता: इतके रेंजर, इतकी वर्षं, हजारो तपासण्या, आणि त्यातून दंडापर्यंत पोचलेली प्रकरणं अगदी थोडी. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात सरकार आपला माणूस चोवीस तास बसवत नाही. मासेमारीच्या बोटींवर सांडपाणी तपासायला कोणी आहे का?

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. २००० नंतर या जहाजांनी जी सुधारित शुद्धीकरण यंत्रं बसवली, त्यांतून बाहेर पडणारं पाणी आग्नेय अलास्कातल्या बऱ्याच गावांच्या स्वतःच्या सांडपाण्यापेक्षा स्वच्छ असतं. केचिकन, सिटका ही गावं केंद्राची सवलत घेऊन वर्षानुवर्षं फक्त प्राथमिक प्रक्रिया केलेला मैला समुद्रात सोडत आली आहेत. मग जहाजावर पहारा आणि गावाला सूट, असं का?

खलाशी_रत्नागिरी

मी बोटीवर इंजिन रूममध्ये आयुष्य काढलंय. टँकर आणि बल्क जास्त, प्रवासी जहाज थोडं. आकडेमोड यांचा गावाच्या मैल्याचा मुद्दा बरोबर आहे. पण तो फक्त संडास-बाथरूमच्या पाण्याचा झाला. जहाजावर पाणी तीन जातींचं असतं.

एक, संडासाचं. त्याला ब्लॅक वॉटर म्हणतात.

दोन, ग्रे वॉटर. गॅली म्हणजे स्वयंपाकघर, शॉवर, लाँड्री. हे सगळ्यात जास्त. चार हजार माणसं दिवसातून दोनदा आंघोळ करणार, रोज टॉवेल बदलून घेणार, त्याचा हिशोब करा.

तीन, बिल्ज. इंजिन रूमच्या तळाशी जमणारं तेलकट पाणी. पंप गळतात, सील गळतात, कूलर साफ करताना सांडतं. ते सेपरेटरमधून, म्हणजे तेल वेगळं करणाऱ्या यंत्रातून काढायचं, त्यात तेल १५ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १५) कमी असेल तरच ओव्हरबोर्ड, म्हणजे समुद्रात. जास्त असलं की व्हॉल्व्ह आपोआप फिरतो आणि पाणी परत टाकीत. प्रत्येक वेळेची नोंद ऑइल रेकॉर्ड बुकात, सहीनिशी.

खरी लबाडी तिसऱ्यात होते. ब्लॅक वॉटरच्या यंत्राला एकदा पैसे घातले की झालं. बिल्जचा खर्च रोजचा: फिल्टर, माणसांचे तास, आणि बंदरात गाळ उतरवायचं बिल. ते वाचवायला सेपरेटरला बगल देऊन जो जोडपाइप टाकतात त्याला आमच्यात 'मॅजिक पाइप' म्हणतात. जगभरच्या इंजिन रूममध्ये हा शब्द सगळ्यांना कळतो, यातच काय ते आलं.

सिअ‍ॅटलकर

@खलाशी, याची वाटच बघत होतो. २०१६ चं प्रिन्सेस कंपनीचं प्रकरण तेच ना?

खलाशी_रत्नागिरी

तेच. 'कॅरिबियन प्रिन्सेस' नावाचं जहाज. २०१३ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ. नुकताच रुजू झालेला एक इंजिनिअर, त्याला तो पाइप दिसला. त्यानं साउथॅम्प्टनला जहाज सोडलं आणि तक्रार केली. मग वरिष्ठांनी पाइप काढून टाकला आणि खालच्यांना खोटं बोलायला सांगितलं. पाण्यातलं तेल मोजणाऱ्या सेन्सरला फसवायला त्यातून स्वच्छ समुद्राचं पाणी फिरवायचे, म्हणजे यंत्राच्या नोंदीत सगळं छान दिसतं. दंड ४ कोटी डॉलर. मुद्दाम केलेल्या सागरी प्रदूषणाबद्दल तोवरचा सगळ्यात मोठा.

आता मूळ प्रश्नाकडे. हे प्रकरण रेंजरनं पकडलं नाही, आतल्या माणसानं पकडून दिलं. अमेरिकेचा कायदा अशा माणसाला दंडातला निम्म्यापर्यंत वाटा देऊ शकतो. त्यामुळे फिलिपिनो असो की आपला देवगडचा पोरगा, इंजिन रूममधला हरकाम्या वायपर असो की थर्ड इंजिनिअर, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवतोच. चीफ इंजिनिअरला त्याचीच भीती असते. रेंजरची भीती? तो येणार हे आधी माहीत, जेवणाला कुठे बसतो ते माहीत, कुठल्या वेळी झोपतो तेही माहीत.

सुलभाताई

मी आणि आमच्या मंडळातल्या बायका मिळून अलास्काला जाऊन आलो. हिमनदीचा कडा पाण्यात कोसळताना आवाज येतो तो अजून कानात आहे. रेंजर वगैरे कुणी दिसला नाही, पण शाकाहारी जेवणाची सोय उत्तम. फक्त चहा मात्र गरम पाण्यात पुडी बुडवलेला. सोबत चहाची पावडर आणि आलं न्यावं. केटल मिळत नाही केबिनमध्ये, मागून घ्यावी लागते.

मैला समुद्रात सोडतात हे वाचून आता कसंतरीच वाटतंय. डेकवरून मी त्याच पाण्याचा फोटो काढून मुलीला पाठवला होता!

गटारीभक्त

सुलभाताई, आलं न्यायला बंदी नाही पण बाटली न्यायला आहे हे लक्षात ठेवा. जहाजवाले वाइन सोडली तर बाकी सगळं गेटवरच काढून घेतात. पर्यावरणासाठी नाही हो, बारच्या गल्ल्यासाठी!

विधी_वाचस्पती

प्रश्नाची कायद्याची बाजू कोणी घेतली नाही म्हणून लिहितो. लांबेल.

अलास्काच्या राज्यघटनेनुसार जनतेनं मतदानानं केलेला कायदा विधिमंडळाला दोन वर्षं रद्द करता येत नाही. त्यानंतर येतो. दुरुस्ती तर कधीही करता येते. म्हणजे २००६ चा कायदा दगडावरची रेघ नव्हताच, आणि तो हळूहळू खरवडला गेला. त्यात दर प्रवाशामागे ४६ डॉलर कर होता. २०१० मध्ये तो साडेचौतीस डॉलरवर आणला. जहाजातून पाणी बाहेर पडतं त्याच ठिकाणी ते राज्याच्या शुद्धतेच्या मापात बसलं पाहिजे अशी अट होती. २०१३ मध्ये ती ढिली करून 'मिसळण्याचा पट्टा' मान्य केला. म्हणजे पाणी समुद्रात थोडं पातळ झाल्यावर मोजायचं.

या दोन्ही वेळा निदान विधेयक आलं, सुनावण्या झाल्या, लोक येऊन बोलले. २०१९ ला वेगळं घडलं. रेंजर कायमचे काढून टाकायचं विधेयक गव्हर्नरांनी आणलं, ते काही मंजूर झालं नाही. मग जूनच्या शेवटी त्यांनी अंदाजपत्रकातून तब्बल ४४ कोटी ४० लाख डॉलरच्या ओळी खोडल्या. विद्यापीठ, वृद्धांचं अनुदान, आणि त्या ढिगाऱ्यात ही चिमुकली ३४ लाखांची ओळ. असा खर्चावरचा नकाराधिकार उलटवायला साठापैकी ४५ आमदार लागतात, आणि नेमकं तेव्हा विधिमंडळच दुभंगलेलं. गव्हर्नरांनी विशेष अधिवेशन वासिला नावाच्या दुसऱ्या गावातल्या एका शाळेत बोलावलेलं, बहुतेक आमदार मात्र जुनोत जाऊन बसले. जुनोत मतदान झालं: ३७ विरुद्ध १. बाकीचे वासिलात. ४५ झाले नाहीत, विषय संपला.

तेव्हा सिअ‍ॅटलकरांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की पहारेकरी हवा की नको हे आमदारांनी ठरवलंच नाही. विधेयकानं जे जमलं नाही ते पेनाच्या एका रेघेनं झालं. मला रेंजरपेक्षा ही रेघ जास्त खटकते.

आकडेमोड

विधी, माहिती उत्तम, निष्कर्ष पटला नाही. नकाराधिकार घटनेनंच दिलाय. तो वापरला की लोकशाहीचा खून, आणि तुमच्या आवडीच्या गव्हर्नरनं वापरला की द्रष्टेपणा?

विधी_वाचस्पती

खून मी म्हणालो नाही. पैसे प्रवाशांकडून येणारे, ते खर्चायचं काम कायद्यात लिहिलेलं, तरीही कायदा जिवंत आणि अंमल मेलेला. या स्थितीला तुम्ही दुसरं नाव सुचवा, मी तेच वापरतो.

बाटली_आडवी

नेहमी फक्त वाचते, आज लिहिते. मी चंद्रपूरची. दारूबद्दल फक्त विनोद चाललेत म्हणून.

अलास्कातल्या ज्या खेड्यांचा उल्लेख आहे ती बहुतेक मूळ रहिवाशांची आहेत. युपिक, इनुपियाक. विमानाशिवाय पोचता येत नाही, बऱ्याच गावांत पोलीस नाही. दारू हा तिथे घरात घडणाऱ्या मारहाणीचा, थंडीत गोठून मरण्याचा, तरुण मुलांच्या आत्महत्यांचा प्रश्न आहे. म्हणून १९८१ नंतर शंभरावर वस्त्यांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारची बंदी मतदानानं लावली. काहींनी फक्त विक्री बंद केली, काहींनी बाहेरून आणणंही, काहींनी जवळ बाळगणंसुद्धा.

हे वाचताना मला आमच्याकडचीच पद्धत आठवली. आपल्याकडेही वॉर्डात किंवा गावात महिलांचं मतदान होतं, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. पण आपला नियम बघा: एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली पाहिजेत. जी बाई मजुरीला गेली, जी माहेरी आहे, जी वारली पण यादीत नाव आहे, ती सगळी मतं आपोआप दुकानदाराची. अलास्कात मत देणाऱ्यांचं साधं बहुमत पुरतं.

आणि आमचा जिल्हा. २०१० मध्ये श्रमिक एल्गार संघटनेच्या नेतृत्वात बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या होत्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी झाली. २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळानं ती उठवली. समितीचा अहवाल होता, अवैध दारू वाढली, महसूल बुडाला, वगैरे. चालत गेलेल्या बायांना कुणी परत विचारलं नाही. विधी म्हणतात ती रेघ आम्हालाही माहीत आहे.

सिअ‍ॅटलकर

@बाटली_आडवी, नेमकं लिहिलंत. लिहीत राहा.

धुळवड

पण ताई, बंदीनं दारू थांबते का? वर्धा १९७५ पासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून. मी वर्ध्यात शिकलो. हॉस्टेलला फोन केला की माल दारात यायचा, फक्त भाव दीडपट. अलास्कातही तेच असणार.

मीठभाकर

धुळवड, भाव दीडपट? तिथल्या खेड्यांत चोरट्या व्हिस्कीच्या एका बाटलीला शंभर-दोनशे डॉलर मोजतात असं तिथल्या बातम्यांत नेहमी येतं. शहरात तीच दहा-पंधराची. छोट्या विमानातून सामानात लपवून नेतात. ते विमानच एकमेव रस्ता, म्हणून तपासणीही विमानतळावर. आपल्याकडे गोव्याहून येताना बांद्याला इन्सुली नाक्यावर डिकी उघडायला लावतात तसं.

बाटली_आडवी

@धुळवड, थांबत नाही, कमी होते. गडचिरोलीत काम केलेल्या बंग दाम्पत्याचं म्हणणं पहिल्यापासून हेच आहे की कागदावरची बंदी पुरत नाही, गावाला रोज राबावं लागतं. तुम्ही हॉस्टेलचं सांगताय. नवऱ्याची मजुरी संध्याकाळी घरापर्यंत पोचते का, हे माझं माप आहे. भाव दीडपट झाला तरी काही घरांत तो फरक पडतो.

धुळवड

हम्म. हे मान्य. पण मग पुरुषांना मत का नाही?

गटारीभक्त

कारण निकाल आधीच माहीत आहे.

अनामिक_साष्टीकर

गोव्यातून. आमच्या साष्टीत घरटी एक 'शिपी', म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, असतोच. माझा चुलतभाऊ वर्षानुवर्षं क्रूझवर बारमध्ये आहे, अलास्काचा हंगामही केलाय. त्याला हा धागा वाचून दाखवला. म्हणाला, खालच्या इंजिनवाल्यांचं आम्हाला काही कळत नाही, पण किचनमध्ये प्लास्टिक आणि अन्न वेगळं करण्यावरून २०१६ नंतर भयंकर कडक झालं. स्ट्रॉ, लोण्याची पाकिटं, टूथपिक, सगळं हातानं निवडायचं. चूक झाली तर वॉर्निंग लेटर थेट गरीब पोराला.

आणि दुसरं. अलास्काच्या २००६ च्या कायद्यात जहाजावरच्या जुगारावरही कर होता, निव्वळ कमाईच्या ३३ टक्के. आमच्या मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्याच आहेत, त्या कुठे जातही नाहीत. नदीबाहेर काढू अशी घोषणा आमच्याकडे कितीतरी सरकारांनी केली. त्यामुळे अलास्काच्या आमदारांना हसायचा अधिकार निदान गोंयकारांना नाही.

खलाशी_रत्नागिरी

साष्टीकरांच्या भावाचं बरोबर आहे. प्रिन्सेसच्या शिक्षेत २०१७ पासून पाच वर्षांची परिवीक्षा (प्रोबेशन) होती. मालक कंपनी कार्निव्हल, तिच्या सगळ्या जहाजांवर कोर्टानं नेमलेले तपासनीस. बहामाजवळ अन्नात मिसळलेलं प्लास्टिक समुद्रात टाकल्याचं त्यात निघालं. आणि कळस म्हणजे, तपासनीस यायच्या आधी कंपनी आपली टोळी जहाजावर पाठवायची, सगळं चकाचक करायला. शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी गुरुजी भिंतीवर तक्ते लावायचे, अगदी तसं. मायामीच्या न्यायाधीश पॅट्रिशिया सीट्झ इतक्या भडकल्या की जहाजांना अमेरिकेच्या बंदरात येऊ देणार नाही म्हणाल्या. २०१९ च्या जूनमध्ये आणखी २ कोटी डॉलर भरून मिटलं.

तारखा बघा. जूनच्या सुरुवातीला मायामीत ही कबुली. जूनच्या शेवटी अलास्कात रेंजरची ओळ खोडली.

आकडेमोड

खलाशी, पण मघाशी तुम्हीच म्हणालात रेंजर निरुपयोगी आहे!

खलाशी_रत्नागिरी

निरुपयोगी म्हणालो नाही. भीती कमी असते म्हणालो. शिवाय रेंजर फक्त अलास्काच्या पाण्यापुरता, किनाऱ्यापासून तीन मैल. मॅजिक पाइपवाला बाहेर जाऊन काम उरकतो. पण ग्रे वॉटरचं वेगळं आहे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये 'वेस्टरडॅम' जहाजानं ग्लेशिअर बेमध्ये, राष्ट्रीय उद्यानाच्या आत, सुमारे एक लाख लिटर ग्रे वॉटर सोडलं. चोरी नव्हती, व्हॉल्व्हची चूक. अशा चुका वॉचवर दुसरे दोन डोळे असले की टळू शकतात. तो तिथे उभा आहे म्हणून सेकंड इंजिनिअर व्हॉल्व्ह परत एकदा बघतो. हे दंडाच्या आकड्यात कधीच येत नाही. आणि गव्हर्नर मोजत होते दंड.

सिअ‍ॅटलकर

हा मुद्दा मला सुचला नव्हता. आकडेमोड, यावर काय?

आकडेमोड

यावर असं की जे मोजता येत नाही त्यावर ३४ लाख डॉलर खर्च करायचे का हा प्रश्न उरतोच. तरी खलाशींचा प्रतिसाद चांगला आहे. किनाऱ्यावरून अचानक तपासणी, न सांगता, हा माझा पर्याय. त्याची जेवायची जागा कुणाला माहीत नसेल.

चिंतातुर_जंतू२

मला कुणी सांगेल का की सांडपाण्याचा कायदा अलास्कातच एवढा कडक का झाला? फ्लोरिडात तर याहून जास्त जहाजं.

विधी_वाचस्पती

कारण फसवणूक त्यांच्या दारात झाली. १९९९ मध्ये रॉयल कॅरिबियननं कबुली दिली आणि १ कोटी ८० लाख डॉलर दंड भरला. तेल तर होतंच, शिवाय फोटो धुण्याची आणि ड्राय क्लीनिंगची रसायनं, आणि ठिकाणांमध्ये जुनोजवळचा 'इनसाइड पॅसेज', म्हणजे बेटांमधून जाणारा जलमार्ग. त्याच वर्षी जुनोच्या लोकांनी मत देऊन प्रवाशामागे ५ डॉलर स्थानिक शुल्क बसवलं. २००० मध्ये जहाजांचं पाणी तपासलं तर बहुतेक नमुने मापाच्या फार बाहेर. मग त्याच वर्षी केंद्राचा कायदा आणि २००१ मध्ये राज्याचा. त्याआधी त्या बेटांच्या गुंत्यात असे पट्टे होते जे चारी बाजूंनी किनाऱ्यापासून तीन मैलांहून दूर, म्हणजे कायद्याच्या बाहेर. जहाजं तिथे थांबून टाक्या मोकळ्या करत. नकाशात बघा, वड्याच्या भोकासारखे दिसतात.

या शुल्काचं पुढे काय झालं तेही मजेदार आहे. त्या पैशातून जुनोनं किनाऱ्यावर पायवाट आणि बाग केली, तिथे देवमाशाचा भलामोठा पुतळा आहे. क्रूझ कंपन्यांच्या संघटनेनं २०१६ मध्ये कोर्टात धाव घेतली: आमच्या प्रवाशांच्या पैशाचा जहाजाशी संबंध काय? जहाजं तर तिथे लागतही नाहीत. २०१८ च्या निकालात कोर्टानं म्हटलं की खर्च जहाजाच्या सेवेसाठीच हवा.

गटारीभक्त

देवमासा म्हणजे जहाजाचा शेजारीच की! सोसायटीत शेजाऱ्याचा पुतळा चालतो का, कमिटीत ठराव मांडतो.

नवखा_ब्रुअर

पुण्यात छोट्या ब्रुअरीत काम करतो, म्हणून दारूच्या दुसऱ्या बाजूबद्दल. कोरड्या खेड्यांचा विषय गंभीर आहे, पण अलास्काच्या आमदारांचा सगळा वेळ खाल्ला तो भलत्याच भांडणानं: बारवाले विरुद्ध ब्रुअरीवाले. तिथे परवाने लोकसंख्येवर, साधारण तीन हजार वस्तीमागे एक. त्यामुळे बारचा परवाना लाखो डॉलरना विकला जातो. ब्रुअरीच्या टेस्टिंग रूमचा, म्हणजे तिथेच बिअर प्यायला देणाऱ्या खोलीचा परवाना मात्र स्वस्तात. मग बारवाल्यांनी अटी घालून घेतल्या: माणशी ३६ औंस बिअर, रात्री आठला बंद, गाणं नाही, टीव्ही नाही, खेळ नाही, काउंटरला उंच स्टूल नाही. नवीन कायद्यात आठचे नऊ झाले आणि वर्षातून चार कार्यक्रमांना परवानगी. यासाठी दहा वर्षं बैठका!

आणि त्याच राज्यात बारना राज्याच्या कायद्यानं पहाटे पाचपर्यंत मुभा आहे. नगरपालिका हवं तर आधी बंद करते.

धुळवड

३६ औंस म्हणजे एक लिटर झालं की. आमच्या ओळखीत इतक्यावर गाणं आपोआप सुरू होतं.

बाटली_आडवी

@नवखा_ब्रुअर, मला तिथली एक गोष्ट आवडली. कोर्टानं ज्याला दारू प्यायची मनाई केली आहे, त्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर लाल पट्टी छापतात. दुकानदाराला बघताक्षणी कळतं. आपल्याकडे देशी दारूच्या दुकानात कोण कुणाचं कार्ड बघतो?

मीठभाकर

आपल्याकडे पिण्याचा परवाना लागतो हेच किती जणांना माहीत आहे? १९४९ चा कायदा अजून आहे. बाटलीबरोबर एक दिवसाचा परवाना फाडायचा असतो, तो दुकानदार स्वतःच्या मनानं फाडतो, कुणाच्याही नावावर.

अनामिक_साष्टीकर

म्हणजे तुमच्याकडेही कायदा पुस्तकात आणि रेंजर घरी.

सुलभाताई

सिअ‍ॅटलकर, आता हे सगळं वाचून जावं की जाऊ नये ते सांगा. आमच्या नणंदेचं पुढच्या वर्षीचं ठरतंय. जुनोत गर्दीमुळे लोक विरोध करतात म्हणे?

सिअ‍ॅटलकर

ताई, जरूर जाऊ द्या. जुनोत २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं असा करार आहे, आणि २०२६ पासून जहाजांवरच्या खाटांवर मर्यादा: रविवार ते शुक्रवार १६ हजार, शनिवारी १२ हजार. शनिवारी जहाजंच नकोत असा प्रस्ताव २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मतदानाला गेला होता, तो पडला. धक्क्याजवळची दुकानं, बसवाले, देवमासे दाखवणाऱ्या बोटी, सगळ्यांची पोटं त्यावर. नणंदबाईंना शक्यतो शनिवारचा जुनो थांबा असलेलं जहाज बघायला सांगा, गर्दी कमी. ग्लेशिअर बेमध्ये उद्यानवाले दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात, तेव्हा तो थांबा असलेलं मिळालं तर उत्तम.

आणि जुनोत एक धक्का असा आहे जिथे २००१ पासून जहाजाला किनाऱ्यावरची वीज जोडता येते, जलविद्युत. इंजिन बंद, धूर बंद. क्रूझ जहाजांसाठी जगात असं पहिल्यांदा तिथेच झालं. बाकी धक्क्यांवर ती सोय यायला पाव शतक का लागावं, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

खलाशी_रत्नागिरी

धागा भरकटतोय, त्यामुळे जाता जाता मूळ प्रश्नाला माझं उत्तर. एका रेंजरला मोसमभर एका जहाजावर बसवू नका. प्रत्येक ओव्हरबोर्ड व्हॉल्व्हला नंबरचं सील, आणि व्हॉल्व्ह उघडला की वेळ आणि ठिकाण आपोआप राज्याच्या कार्यालयात. खोट्या पाण्यानं सेन्सर फसवता येतो, पण व्हॉल्व्हची जागा आणि टाकीची पातळी दोन्ही जुळवून खोटं लिहायला फार डोकं लागतं. माणूस मधूनच चढवा, मधल्या बंदरात, आकडेमोड म्हणतात तसा न सांगता. आणि तो मरीन इंजिनिअरच हवा. मी स्वतः पाहिलंय, क्लिपबोर्ड घेऊन आलेल्या एका पाहुण्याला आमच्या चीफनं बॉयलरचा फीड पंप सेपरेटर म्हणून दाखवला होता आणि त्यानं बरोबरची खूण करून सही केली.

आकडेमोड

न सांगता, इंजिनिअर, आणि सील. खर्च किती येईल ते मांडा, मी सही करतो.

गटारीभक्त

आधी तो पंप नीट बघून घ्या.